दुसऱ्या डोळ्यातला ठिपका

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

पोचले एकदाची कामरगावला. किन्हीराजाहून निघताना आईनं डब्यात इतक्या दशम्या भरल्या की मी नोकरीला नाही, उपासमारीला निघालेय असं कुणालाही वाटावं. कारंज्याला एसटी बदलली आणि पुढे काळीपिवळीत, दोन पिशव्या मांडीवर घेऊन, शेजारच्या बाईच्या कोंबडीशी नजरानजर करत आले. कोंबडी माझ्यापेक्षा शांत होती. मला मेलीला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांनी केव्हाच मान्य केलंय.

ही डायरी बाबांना बियाण्याच्या दुकानातून फुकट मिळाली होती. जानेवारी ते जुलै कोरी पडलीय. बाबा म्हणाले, निदान उरलेली तरी भर, तेवढाच हात एका ठिकाणी राहील.

नोकरी फोटो स्टुडिओत. पुण्यात चार वर्षं मी लग्नाचे अल्बम करत होते. नवरदेवाच्या नाकावरचा घाम पुसायचा, मामाचं पोट आत ढकलायचं, डोळे मिटलेल्या आत्याचे डोळे उघडायचे. मग हे सगळं एक सॉफ्टवेअर करायला लागलं आणि आम्हा सात जणांना पेढे देऊन निरोप दिला. दोन महिने घरी बसून वेड लागायची पाळी आली होती, तेवढ्यात हरीओमभाऊंचा फोन आला.

हरीओमभाऊ स्टुडिओचे मालक. पन्नाशीचे, कमी बोलणारे, सतत काहीतरी शोधत असलेले. दुकानात पासपोर्ट, लग्न, बारसं सगळं होतं, पण मोठं काम म्हणजे गेलेल्या माणसांचे भिंतीवर लावायचे फोटो. त्यांचे वडील शालिग्रामबाबा, ज्यांना सगळं गाव आबाजी म्हणतं, मागच्या खोलीत आरामखुर्चीत बसलेले असतात. कॉम्प्युटर यायच्या आधी फोटोंवर पेन्सिल आणि ब्रश चालवायचे. त्यांचे वडील सोनार होते, देवघरात ठेवायचे पितरांचे टाक घडवायचे. म्हणजे तीन पिढ्या माणसांची तोंडं करून पोट भरताय, असं मी म्हटलं तर आबाजी खूश होऊन हसले.

राहायला कस्तुराबाईंकडे एक खोली मिळालीय, दुकानामागच्या गल्लीत. एकट्याच असतात, मुलगा नागपूरला. खिडकीतून सोयाबीन दिसतं. मी त्यांना मावशी म्हणायचं ठरलं. सगळं बरं वाटतंय.

बुधवार, ६ ऑगस्ट

आज आबाजींनी त्यांचं कपाट उघडून दाखवलं. त्यात जाड पुठ्ठ्यावर रंगवलेली धडं आहेत. फक्त धडं. कोट-टोपीतला माणूस, फेट्यातला माणूस, नऊवारीतली बाई, पाचवारीतली बाई. मानेच्या वर काहीच नाही. माणूस गेला की घरचे एखादा चिमुकला, फाटका फोटो घेऊन यायचे. आबाजी त्यातलं तोंड मोठं करून या धडावर बसवायचे, म्हणजे जन्मभर बंडीत राहिलेला माणूस भिंतीवर कोटात बसायचा.

मी माझा लॅपटॉप उघडला आणि त्यांना माझं फोल्डर दाखवलं. त्यातही तेच. कोटातलं धड, पैठणीतलं धड, बिनतोंडाचं. आबाजी खूप वेळ हसले. मग त्यांनी खालच्या खणातून एक लोखंडी ठसा काढला. त्यांच्या वडिलांचा. बाईचा ठसा, पुरुषाचा ठसा, घोडेस्वाराचा ठसा. त्यावर चांदीचा पत्रा ठेवून ठोकायचं की टाक तयार. सगळ्या गावाच्या मेलेल्या बायका त्या एकाच ठशातून निघालेल्या. मग एकीची दुसरीपासून ओळख कशी पटायची, मी विचारलं. डोळ्यांवरून, ते म्हणाले. डोळे शेवटी करायचे, ज्या घरचा टाक त्या घरच्यांना समोर बसवून.

दुकानाच्या देव्हाऱ्यात त्यांच्याच घराण्याचे पाच टाक आहेत. जवळ जाऊन पाहिले. प्रत्येकाच्या डाव्या डोळ्यात बारीक ठिपका आहे, उजवा डोळा नुसताच गुळगुळीत. झिजले असतील म्हटलं. पण भिंतीवरच्या आबाजींच्या जुन्या रंगीत फोटोंतही तसंच. बाहुलीत उजेडाचा पांढरा ठिपका एकाच डोळ्यात, दुसरा डोळा मंद. फोटोग्राफीच्या हिशेबानं हे साफ चूक. उजेड खिडकीतून आला तर दोन्ही डोळ्यांत दिसणार.

मी तसं बोलून दाखवलं. आबाजी म्हणाले, "एक डोया पाह्यनाऱ्याचा, एक ज्याचा त्याचा. दोन्ही देले त मानूस कोठं राह्यन?"

हरीओमभाऊंनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तेही ठिपका एकाच डोळ्यात देतात म्हणे, सवयीनं. का, ते त्यांना ठाऊक नाही.

सोमवार, ११ ऑगस्ट

आज उकंडराव आले. पलीकडच्या वस्तीवरचे शेतकरी, साठीचे. बायको भागिरथाबाई महिन्यापूर्वी गेल्या. जन्मात त्यांचा धड फोटो नाही. आधार कार्डही हरवलेलं. आहे तो एकच, गेल्यावर पुतण्यानं मोबाइलवर काढलेला. नवी साडी, कपाळभर कुंकू, नाकात कापूस, डोळे मिटलेले. उकंडरावांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि आपण दुसरीकडे पाहत राहिले. तिनं आपल्याला बघितलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं.

कापूस काढला, त्वचेला रंग आणला, पाचवारीच्या धडावर मान बसवली. डोळ्यांपाशी अडले. सॉफ्टवेअर घारे डोळे देतं. चौथ्या वेळी दिले ते तर सिनेनटीचे होते. भागिरथाबाई ज्वारी निंदून आयुष्य काढलेल्या, त्यांना ते डोळे कसे शोभणार?

शेवटी वैतागून दुकानात दाराकडे तोंड करून उभी राहिले, मोबाइल समोर धरला आणि माझ्याच डोळ्यांचा फोटो काढला. भरपूर उजेड होता. बुबुळं तपकिरी, पापण्या आईकडच्या. थोडे थकवले, बाजूला चार सुरकुत्या दिल्या. काय बसले म्हणून सांगू. दोन्ही डोळ्यांत दाराचा पांढरा चौकोन, आणि त्या चौकोनात अगदी बारीक, हात वर केलेली मी. मोठं केल्याशिवाय दिसत नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

फ्रेम होऊन आली. उकंडरावांनी ती मांडीवर घेतली आणि बसूनच राहिले. मग म्हणाले, "पाह्यते हो. माह्याकडंच पाह्यते." रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू. पुण्यात चार वर्षांत माझ्या कामानं कुणी रडलं नव्हतं.

ते जायच्या आधी आबाजींनी भिंग घेऊन फोटो पाहिला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून ते सगळं भिंगातूनच बघतात. कुणाचे डोळे, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. उकंडराव फ्रेम घेऊनच बाहेर चहाला गेले तेव्हा ते म्हणाले की एका डोळ्यातला ठिपका बुजव आणि पुन्हा छाप, दहा मिनिटांचं काम आहे. मी हो म्हटलं.

बुजवला नाही. उकंडरावांच्या हातातून ती फ्रेम परत मागायची मला हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर ते डोळे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं. आबाजींना बुजवला म्हणून सांगितलं.

बुधवार, २० ऑगस्ट

भागिरथाबाईंचा फोटो पाहायला वस्तीवर माणसं जाताहेत म्हणे. पितृपक्ष जवळ आलाय, त्यामुळे दुकानात रांग. जुने फोटो घेऊन लोक येतात आणि डोळे तसेच जिवंत करून द्या म्हणतात. आसेगावहूनही दोघं आले. माझे तेच डोळे सगळ्यांना बसवते, त्या फाइलला नाव दिलंय ‘डोळे पक्के’. बाईला पापण्या तशाच, बुवाला भुवया जाड आणि पापण्या कमी. चौदा फोटो झाले. कस्तुरामावशींचे यजमान रामकिसनकाका यांचाही त्यात एक, मावशींनी तो स्वयंपाकघरात चुलीसमोर लावलाय. आबाजींना दाखवायचं आता टाळते.

एक गंमत. दिवसभर स्क्रीनकडे पाहून डोळे शिणलेत. पापणी मिटली की खालच्या बाजूला केशरी पट्टा दिसतो, धूसर. उघडली की जातो.

शनिवार, २३ ऑगस्ट

काल पोळा झाला. झुली घातलेल्या बैलांचे साठेक फोटो काढले, एका बैलानं माझी ओढणी खाल्ली.

पापणी मिटल्यावरचं ते आता वाढलंय. केशरी पट्ट्याच्या वर काहीतरी दिसतं. पत्र्याचं छत. छताला टांगलेलं कांद्याचं जाळं. खाली पलंग, वरून पाहिल्यासारखा. परवा आंघोळीला डोळे मिटून पाणी घेतलं तर पलंगावर कुणीतरी झोपलेलं होतं. मी पटकन डोळे उघडले आणि साबण गेला डोळ्यात.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, जेवत नाहीस तू.

गुरुवार, २८ ऑगस्ट

कारंज्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. थेंब घातले, भिंग लावलं, दिवा मारला. डोळे ठणठणीत. दर वीस मिनिटांनी लांब पाहत जा म्हणाले.

त्यांना एवढंच सांगितलं की चित्रं दिसतात. हे नाही सांगितलं की ती बदलतात. एकदा पत्र्याचं छत, एकदा निळी भिंत आणि टीव्ही, एकदा धान्याच्या कोठ्या, एकदा चूल आणि चुलीपुढे पाठमोरी बाई. सगळं उंचावरून, जरा खाली वाकून पाहिल्यासारखं. आणि प्रत्येकात खाली तो केशरी पट्टा. परतीच्या जीपमध्ये डोळे मिटायचे नाहीत म्हणून मी रस्त्यावरचे पूल मोजत आले.

मंगळवार, २ सप्टेंबर

नीट लिहिते, क्रमानं.

उकंडरावांना भागिरथाबाईंची आणखी एक छोटी प्रत हवी होती, लेकीकडे द्यायला. ती द्यायला आज दुपारी मीच वस्तीवर गेले. म्हटलं, तेवढंच लांबचं पाहणं होईल. त्यांनी आत बोलावलं. आत पाऊल टाकलं आणि उंबऱ्यावरच थांबले. पत्र्याचं छत. कांद्याचं जाळं. पलंग. या घरात मी आयुष्यात पहिल्यांदा येत होते आणि पलंगाच्या कोणत्या पायाखाली वीट लावलीय हे मला माहीत होतं.

भागिरथाबाई समोरच्या भिंतीवर, उंचावर, जरा खाली कललेल्या. झेंडूचा हार फ्रेमच्या खालच्या कडेवर आलेला.

मी डोळे मिटले. मिटायला नको होते. मला उंबरा दिसला, आणि उंबऱ्यावर डोळे मिटून उभी असलेली एक मुलगी, हिरवा कुर्ता, हातात पाकीट.

उकंडरावांनी पाणी दिलं. पिताना सांडलं.

बुधवार, ३ सप्टेंबर

आबाजींना सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही. ते रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. किती फोटो, त्यांनी विचारलं. आता सतरा. सतराही जणांना दोन्ही ठिपके? हो.

मग त्यांनी सांगितलं ते असं: उसने डोळे त्यांनीही कित्येकदा लावलेत, स्वतःचे, आईचे. त्यात काही बिघडत नाही. एक ठिपका दिला की फोटो जिवंत वाटतो, तेवढी नजर तिकडे जाते आणि आपल्याला कळतही नाही. दुसरा ठिपका आपल्यापाशी ठेवायचा, त्या दोरीला धरून आपण इकडे राहतो. त्यांच्या वडिलांनी हे टाकांच्या वेळी शिकवलेलं.

आणि दोन्ही दिले तर? मी विचारलं. "त मंग थोडं थोडं करून सगयंच जाते, पोरी," आबाजी म्हणाले. "डोये पयले."

उपाय सोपा आहे म्हणे. सतराही फ्रेमा परत आणायच्या आणि एकेक ठिपका बुजवायचा. मी लगेच यादी केली. माझे डोळे आहेत ते, मला ते परत हवेत.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

कुणी देत नाही.

ठिपका बुजवून प्रत आधीच करून नेते, बदलून द्या एवढंच म्हणते. लोक नवी प्रत हातात घेतात, जुनीकडे बघतात आणि नवी परत देतात. नवीत आई बघत नाही म्हणतात. एका घरी तर मला दारातूनच हाकलून लावलं, मेलेल्या माणसाच्या मागे लागलीस का म्हणून.

उकंडराव सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तिनं डोये मिटले तवा मी वावरात होतो. मले पाह्यलंच नाई तिनं. आता पाहून राह्यली, आन तू म्हनतं का पुन्हा मीट." मला रोज संध्याकाळी त्यांचं तोंड दिसतं. फोटोपुढे ताट घेऊन बसतात आणि जेवताना वर बघून बोलतात. ऐकू येत नाही, फक्त ओठ हलतात.

फक्त कस्तुरामावशी तयार झाल्या. तुझ्या जिवापेक्षा फोटो मोठा का, म्हणाल्या. दोन दिवसांत काढते म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यातच पडले.

सोमवार, ८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला.

मावशींनी फोटो काढला. पण मला दिला नाही. नवऱ्याचा फोटो, फाडायचा कसा, खोडायला द्यायचा कसा? आपल्याकडे देवाचा फोटो जुना झाला की जे करतात तेच त्यांनी केलं. हळदकुंकू वाहिलं, हार घातला आणि सकाळीच नाल्याच्या डोहात सोडून आल्या. अगदी प्रेमानं. मला येऊन सांगितलं, झालं गं बाई तुझं काम.

तेव्हा मी दुकानात चहा घेत होते. सकाळपासून पापणी मिटली की हिरवं दिसत होतं. गढूळ हिरवं, हलणारं. आता समजलं.

फोटो बुडाला. डोळे उघडेच आहेत.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आबाजींच्या काळी फोटो एक होता. भिंतीवर एक. टाक तर एकच एक. हे मला आधी सुचायला हवं होतं, मी तर शिकलेली.

लोकांनी मोबाइलवर फ्रेमांचे फोटो काढलेत. पितरांच्या तिथीला स्टेटस ठेवतात. लेकी, सुना, भाचे पुढे पाठवतात. काल दुपारपासून मला खालून वर पाहिलेल्या हनुवट्या दिसताहेत. नाकपुड्या. एसटीचं छत. कुणाचा तरी अंगठा येतो, मोठा होत, सगळं झाकतो आणि जातो. मग खिशातला अंधार. माझ्या पापण्या उघड्या असतानाही.

किती झाले आता? सतरा नाहीत. हरीओमभाऊ सगळ्यांना फोन करून स्टेटस काढा म्हणून सांगताहेत. लोकांना वाटतं स्टुडिओवाले वेडे झाले.

रविवार, १४ सप्टेंबर

रस्ता ओलांडताना जीप दिसली नाही. मावशींनी ओढलं. मला त्या वेळी कुणाचं तरी वरण उतू जाताना दिसत होतं.

माझं स्वतःचं दिसणं आता मधूनमधूनच येतं. आलं की पटापट लिहून घेते. बाकी घरं. हनुवट्या. पाणी. पाणी सगळ्यांत जास्त वेळ.

आई ये म्हणते. जाऊन काय करू? किन्हीराजाचा रस्ता दिसला तर ना.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आबाजी म्हणाले, एक मार्ग आहे. पसरलेलं सगळं एका जागी आणायचं. टाक करायचा. माझा.

हरीओमभाऊ ओरडलेच त्यांच्यावर, जित्या माणसाचा टाक करतात का म्हणून. आबाजी म्हणाले, एकाच डोळ्याचा. सगळी नजर त्यात येऊन बसेल, देव्हाऱ्यात पडून राहील, कुणाला उपद्रव नाही. दुसरा डोळा कोरा ठेवायचा. तो माझा.

मी हो म्हटलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

केला.

तोच जुना बाईचा ठसा. चांदीचा पत्रा राळेवर, म्हणजे सोनाराच्या लाखेसारख्या चिकट गोळ्यावर, बसवून आबाजी ठोकत होते. एरवी त्यांचा हात कापतो, हातोडी धरली की कापत नाही. मला समोर बसवलं. शेवटी पोगर घेतला, बोथट टोकाची बोटभर लोखंडी कांडी. डाव्या डोळ्यावर टेकवला आणि एकच टोला.

घरं गेली. एकामागून एक, भारनियमनात आळीतले दिवे जावेत तशी. उकंडरावांचं सगळ्यात शेवटी. ते वर बघून काहीतरी बोलत होते.

दुकान दिसलं. स्वच्छ. हरीओमभाऊंच्या शर्टाचं तुटलेलं बटण दिसलं. मी हसले, रडले, चार ग्लास पाणी प्याले.

फक्त डोह राहिलाय. उजव्या डोळ्यात.

आबाजी म्हणाले, "दुसऱ्या डोयाले हात नाई लावायचा. तो तुहा हाय. अमावस्या होऊ दे, पानी आपसूक जाईन." अमावस्या रविवारी. तीन दिवस. त्यांनी तीनदा बजावलं. मी तीनदा हो म्हटलं.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

पाणी.

काचेच्या आत शिरलंय. हार कुजलाय, पाकळ्या नाकासमोर फिरताहेत. श्वास घेते तर घसा भरल्यासारखा. माहीत आहे मला, इथे कोरडं आहे, मी खुर्चीत आहे. तरी —

मासा आला. डोळ्यापाशी तोंड लावून —

दोन दिवस. फक्त दोन. बसायचं. एका जागी बसायचं. मला कधी जमलंय का ते.

शनिवार, २० सप्टेंबर, दुपार

भाऊ नव्या फ्रेमा आणायला कारंज्याला. आबाजी जेवून आत आडवे झालेत. टाक राळेवरच आहे, समोर, आबाजींनी हळद वाहिलेला. पोगर शेजारी.

एक ठिपका. एका ठिपक्यानं सगळी घरं गेली. मग दुसऱ्यानं पाणी जाणार नाही का? आबाजींना काय, त्यांना काय दिसतं पाण्याखाली, ते उद्या म्हणतात, उद्यापर्यंत मी —

मासे आता तीन आहेत.

नाही बसवत. नाही —

मारला.

गेलं. पाणी गेलं. देवा, किती कोरडं. किती शांत आहे —

हळदीचा वास. खूप जवळ.

मान वळत नाही.

समोर दुकान आहे. केवढं मोठं. टेबल डोंगराएवढं. टेबलामागे खुर्चीत एक मुलगी बसलीय. हिरवा कुर्ता. डायरीवर वाकून लिहितेय. हेच लिहितेय. मी शब्द मनात आणते आणि तिकडे तिचा हात हलतो, पण जरासा उशिरा —

आबाजी उठून आले. तिला काहीतरी विचारतात. ती मान डोलावते. किती शांत बसलीय. पाय हलवत नाही, बोटं वाजवत नाही. मला जन्मात जमलं नाही ते —

आबाजी इकडे वळले. भिंग घेतलं. वाकले. सगळं त्यांचं तोंडच झालं. डावा डोळा बघितला. उजवा —

आबाजी, मी इथं. इथं आहे, तिच्यात नाही, तिला सोडा, मला —

हाक येत नाही. ठशाला ओठ मिटलेलेच असतात.

तिनं पेन खाली ठेवला. मी अजून